बंद पाकीट आणि उघडे थान

पालीच्या बाजारात कापडाचे दुकान चालविणाऱ्या माणसाने मुलांच्या पत्त्यांच्या खेळावर लिहावे, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. परंतु आमच्या गल्ल्यापाशी जो प्रश्न उभा राहिला तो केवळ मुलांचा नाही, तो तिजारतीचा आहे. म्हणूनच व्यापारी बांधवांसमोर तो मांडीत आहोत.

बल्लाळेश्वराच्या देवस्थानामुळे पालीत बारा महिने यात्रेकरूंची ये-जा असते. माघात आणि भाद्रपदात तर बाजारात पाय ठेवायला जागा नसते. यात्रेकरूंबरोबर मुले असतात आणि मुलांच्या हातात आईबापांनी दिलेले थोडे पैसे असतात. हे हेरून आमच्या भाच्याने रुमाल-मोज्यांच्या शेजारी पत्त्यांच्या पाकिटांचा एक खोका आणून ठेवला. "मामू, जागा वीतभर आणि विक्री रोजची," असे त्याचे म्हणणे. ते खरेही ठरले. दहा रुपयांचे पाकीट, आत सहा पत्ते. कोणते, ते फोडल्यावर कळणार. दोन हंगाम तो खोका रुमालांपेक्षा जास्त चालला आणि आम्हीही खूश होतो.

मग जूनमध्ये आमच्या नेहमीच्या गिऱ्हाईक असलेल्या एका बाईंनी गणवेशाच्या कापडाची बाकी मुलाच्या हाती पाठविली. मुलाने त्यातले १२० रुपये बाजूला काढून आमच्याच दुकानातून बारा पाकिटे घेतली. त्याला एक चकचकीत पत्ता हवा होता. तो निघाला नाही. दुसऱ्या दिवशी बाई पिशवीत बहात्तर पत्ते घेऊन आल्या. त्यांत तेच तेच चेहरे पुन्हा पुन्हा आलेले. त्या भांडल्या नाहीत. एवढेच विचारले, "शेठ, पाकिटात काय आहे हे तुम्हांला तरी ठाऊक होते का?"

ठाऊक नव्हते. तीस वर्षे आम्ही थान उलगडून, पोत दाखवून, पन्हा मोजून कापड विकतो. रंग जाईल तर जाईल असे सांगतो. आणि त्याच गल्ल्यावर असा माल विकत होतो जो गिऱ्हाइकाने पाहिलेला नाही आणि आम्हीही नाही! बाईंना पैसे परत दिले, पण प्रश्न परत करता आला नाही. तेव्हापासून या धंद्याची आम्ही माहिती काढू लागलो.

हा खेळ आहे तरी काय?

आमच्या लहानपणी काडेपेटीवरच्या चित्रांची अदलाबदल चालत असे. पुढे १९८७ च्या विश्वचषकाच्या सुमारास बिग फन बबलगमबरोबर क्रिकेटचे पत्ते मिळू लागले. नव्वदीच्या दशकात कुस्तीगिरांचे ट्रम्प कार्ड घरोघरी आले. उंची, वजन, छाती, लढती यांचे आकडे लावून मुले दुपार काढीत. त्यानंतर टॉप्स कंपनीचे स्लॅम अटॅक्स आणि आयपीएलचे क्रिकेट अटॅक्स आले. यांतला एक फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. ट्रम्प कार्डचा डबा घेतला की सगळे पत्ते हाती येत. अटॅक्सच्या जातीच्या पत्त्यांत मात्र संग्रह पुरा करायचा तर पाकिटामागून पाकीट घ्यावे लागे.

या बंद पाकिटाच्या खेळाचा पाया अमेरिकेत घातला गेला. रिचर्ड गारफील्ड नावाच्या गणितज्ञाने १९९३ साली 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ तयार केला आणि विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने तो बाजारात आणला. बावन्न पत्त्यांच्या नेहमीच्या खेळात जोड सगळ्यांची एकच असते. इथे प्रत्येक जण आपल्याजवळच्या पत्त्यांतून निवडून साठ किंवा अधिक पत्त्यांचा स्वतःचा गठ्ठा बांधून आणतो. प्रत्येक पत्त्यावर त्याचा नियम छापलेला असतो. म्हणजे अर्धा खेळ बसण्यापूर्वीच, गठ्ठा बांधताना होतो. कोणता माल किती ठेवायचा, भांडवल किती आणि उलाढाल किती, हा विचार दुकानदाराला परका नाही. अक्कल लागते यात वाद नाही.

नामांकित आणि अपरिचित

मॅजिक हा या घराण्यातला वडील खेळ. प्रत्येकाला वीस गुण आयुष्य, आणि जमिनीचे पत्ते मांडून त्यांच्या बळावर बाकीचे पत्ते खेळायचे. इंग्रजी बरे असलेल्या, बारा-तेरा वर्षांपुढील मुलांनी तो जरूर शिकावा. पोकेमॉनचे पत्ते जपानात १९९६ साली आले. गठ्ठा साठचाच, पण सुरुवातीला सहा पत्ते बक्षीस म्हणून उपडे ठेवायचे आणि प्रतिस्पर्ध्याचा प्राणी हरविला की एकेक उचलायचा. लहान मुलांना हा सर्वांत सोपा, आणि दहा-दहाच्या बेरजा-वजाबाक्याही पक्क्या होतात. कोनामी कंपनीचा यू-गी-ओह १९९९ सालचा. प्रत्येकी ८००० गुण, वेग मोठा आणि पत्त्यावरचा मजकूर बारीक. ३१ मार्च २०११ पर्यंत त्याचे अडीच हजार कोटींहून अधिक पत्ते विकले गेल्याची गिनीज बुकात नोंद आहे. कापडाच्या धंद्यातही असे आकडे ऐकून माणूस दचकतो.

ज्यांची नावे आपल्याकडे फारशी ऐकू येत नाहीत असे दोन खेळ आम्हांला अधिक पटले. न्यूझीलंडमधून २०१९ साली आलेल्या 'फ्लेश अँड ब्लड'मध्ये एकच पत्ता हल्ल्याला वापरता येतो, बचावाला वापरता येतो किंवा दुसऱ्या पत्त्याची किंमत चुकविण्यासाठी मोडताही येतो. लाल पत्ता मारायला जोरदार, पण मोडला तर एकच नाणे. निळा मारायला कमजोर, पण मोडला तर तीन. माल विकावा की धरून ठेवावा, हे व्यापाऱ्याचे रोजचे कोडे त्यात आहे.

दुसरा 'नेटरनर'. हाही गारफील्डचाच, १९९६ सालचा. एका बाजूला बडी कंपनी, दुसऱ्या बाजूला तिच्या संगणकात शिरू पाहणारा भामटा. दोघांचे पत्ते निराळे, डावपेच निराळे. २०१२ साली फँटसी फ्लाइट गेम्स या कंपनीने तो नव्याने काढला तेव्हा बंद पाकिटे बंदच केली. कोणत्या संचात कोणते पत्ते आहेत हे आधीच जाहीर! २०१८ साली त्या कंपनीने खेळ थांबविला, तेव्हा शौकिनांनीच संस्था काढून तो चालू ठेवला. घरी छापून खेळता येतील असे पत्ते ते विनामूल्यही देतात. पाकिटाच्या लॉटरीशिवाय असा खेळ चालतो, याचा हा पुरावा.

आता आपल्या कोकणाकडे येऊ. सावंतवाडीचे चितारी गोल गंजिफा हाताने रंगवीत आले आहेत. मागे ही कला मरू घातली होती, ती शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात आश्रय देऊन जगविली. दशावतारी गंजिफेत दहा रंग आणि १२० पत्ते. तिघे खेळाडू प्रत्येकी चाळीस घेऊन बसतात. दिवसा खेळाची सुरुवात रामाच्या पत्त्याने होते, रात्री कृष्णाच्या. पाच रंगांत दहापासून उतरता क्रम, पाच रंगांत एक्का मोठा. उतरून गेलेला पत्ता ध्यानात ठेवणाऱ्याचाच इथे निभाव लागतो.

हा खेळ इराणी वळणाचा. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठविल्याचे बाबरनाम्यात नोंदले आहे. मोगली गंजिफेचे पत्ते ९६, रंग आठ. आम्ही उर्दू शाळेत शिकलेलो, त्यामुळे त्या रंगांची नावे वाचली आणि मजा वाटली. सुर्ख म्हणजे सोन्याचे नाणे, सफेद म्हणजे चांदीचे, बरात म्हणजे हुंडीसारखा पैशाचा कागद आणि किमाश म्हणजे माल, कापडचोपड. आठांतले चार रंग थेट बाजारपेठेतले! गंजिफा अदलाबदलीचा खेळ नव्हे, संच पुरा मिळतो. पण परदेशी पत्त्यांना इतका मान देणाऱ्या घरांत निदान त्याची ओळख तरी असावी.

खेळ निराळा, पाकीट निराळे

आता मूळ मुद्दा. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानले. त्या न्यायाने वरचे खेळही कौशल्याचेच वाटतात. पण पाकीट फोडण्यात कसले कौशल्य? हिशेब पाहा. एखाद्या संचात शंभर निरनिराळे पत्ते आहेत, सगळे सारख्या संख्येने छापलेले आहेत असे धरा. एकेक पत्ता न पाहता घेत गेलो तर शंभरही मिळायला सरासरी सुमारे ५१९ पत्ते घ्यावे लागतात. प्रत्यक्षात चकचकीत पत्ते मुद्दाम थोडे छापलेले असतात, म्हणजे खर्च याहून मोठा. यावर तोड एकच, ती म्हणजे अदलाबदल. माझ्याकडचा जादा पत्ता तुझ्या गरजेचा, तुझ्याकडचा माझ्या. या खेळांच्या नावातच व्यापार आहे आणि मुलाने शिकावा तो हाच.

मॅजिकच्या पहिल्या नियमांत दोन्ही खेळाडूंनी एकेक पत्ता पैजेला लावायचा आणि जिंकणाऱ्याने दोन्ही न्यायचे, असेही होते. पुढे कंपनीलाच ते आवरते घ्यावे लागले. सौदी अरेबियाने २००१ साली पोकेमॉनच्या पत्त्यांवर बंदी घातली, त्यात जुगाराचा आक्षेप होताच. त्या वेळी नावाच्या अर्थाविषयी नाना अफवा उठल्या. वास्तविक 'पॉकेट मॉन्स्टर' याचेच ते लहान रूप. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ साली संगणकीय खेळांतल्या अशाच बंद पेट्यांना जुगार ठरविले. तेव्हा हा आक्षेप एका धर्माचा किंवा एका देशाचा नाही.

फतवा देणे आमचे काम नव्हे, ते उलेमांनी पाहावे. पण कापडवाल्याला एक गोष्ट आठविल्याशिवाय राहत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मुलामसा आणि मुनाबजा हे दोन सौदे मना केले. न उलगडता नुसत्या स्पर्शावर कापडाचा सौदा पक्का करणे हा पहिला आणि एकमेकांकडे कापड फेकून, न पाहता पक्का करणे हा दुसरा. दोन्ही उदाहरणे कापडाचीच! गिऱ्हाइकाला माल पाहू द्या, एवढेच त्याचे सार. बंद पाकीट यापासून किती दूर आहे, हे वाचकांनी ठरवावे.

दुकानदाराने काय करावे?

पालकांना आमचे सांगणे असे की मुलाचा छंद हिसकावून घेऊ नका, त्याला वळण लावा. पाकिटांऐवजी तयार गठ्ठा घेऊन द्या. त्यात काय आहे ते आधी कळते आणि लगेच खेळता येते. एखादाच पत्ता हवा असेल तर मुंबई-पुण्याच्या या खेळांच्या दुकानांत सुटा पत्ता भाव पाहून घेता येतो. सोनेरी वर्खाचे स्वस्त पोकेमॉन पत्ते यात्रांत ढिगाने मिळतात, ते बहुतेक नकली. अस्सल पत्त्याच्या दोन थरांमध्ये काळसर थर असतो, तो कडेने पाहिले की दिसतो. नकली पत्ता उजेडात धरला तर बहुधा आरपार उजेड दिसतो आणि अक्षरांत चुकाही सापडतात.

व्यापारी बांधवांना सांगणे याहून सोपे आहे. जो माल स्वतःला ठाऊक नाही, तो लहान मुलाला विकू नये. नफ्याला आम्ही नावे ठेवीत नाही, नफ्यासाठीच दुकान उघडतो. पण मोठा माणूस डोळे उघडे ठेवून जोखीम घेतो, नऊ वर्षांच्या मुलाला जोखीम म्हणजे काय हेच कळत नसते.

आमच्या दुकानातून तो खोका गेला. त्या जागी आता तीन प्रकारचे तयार गठ्ठे आहेत आणि एका ताटात सुटे पत्ते उघडे मांडलेले आहेत, प्रत्येकावर भाव लिहिलेला. रविवारी दुपारी दुकानाच्या ओट्यावर मुले जमतात आणि अदलाबदल करतात. भाच्याच्या वहीप्रमाणे या कोपऱ्याची विक्री पूर्वीच्या निम्म्यावर आली आहे, हेही सांगितले पाहिजे. तो अजून थोडा नाराज आहे. पण त्या बाईंचा मुलगा दर रविवारी येतो. त्याला हवा असलेला चकचकीत पत्ता गेल्या महिन्यात मिळाला. आपल्याजवळचे सात पत्ते देऊन, बराच वेळ घासाघीस करून त्याने तो मिळविला. आम्ही गल्ल्यावरून ऐकत होतो. सौदा त्याने चांगला केला.