मुलांची संध्याकाळ परत द्या!

गेल्या दिवाळीतली गोष्ट. आमच्या इमारतीत जिन्याखाली एक किल्ला अवतरला. अवतरला असेच म्हटले पाहिजे, कारण तो कोणी बांधला नव्हता. बुरूज, तट, दरवाजा, सारे रंगवून तयार असा तो बाजारातून आला होता. शेजारचे गृहस्थ तो मोठ्या निगुतीने मांडत होते आणि ज्याच्यासाठी आणला तो नऊ वर्षांचा किल्लेदार पायरीवर गुडघ्यांना मिठी मारून बसला होता.

मी विचारले, "काय रे, तू नाही हात लावत?"

"बाबा म्हणाले, मोडेल. आणि आजोबा, मला साडेपाचला क्लास आहे."

"अरे, पण सुट्टी ना?"

"शाळेला आहे. क्लासला नाही."

वाचकहो, हे वाक्य त्याने तक्रारीच्या सुरात म्हटले असते तर मी विसरूनही गेलो असतो. त्याने ते 'आज मंगळवार आहे' असे सांगावे तसे सांगितले. तेच मला वर्षभर बोचत आहे.

'आमच्या वेळी' म्हणून गळा काढणाऱ्यांपैकी मी नव्हे. आमच्या वेळी छडी होती आणि पोर मुके झाले तरी त्याला कोणी का म्हणून विचारीत नसे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मारहाणीला आणि मानसिक छळाला बंदी केली, हे फार उत्तम झाले. आजचे आईबाप मुलांशी आमच्या आईबापांपेक्षा शतपटीने अधिक बोलतात, हेही मी मानतो. पण एक वस्तू आमच्यापाशी होती आणि ती आपण या मुलांच्या हातून काढून घेतली. ती म्हणजे संध्याकाळ. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ आमचा असे. मोठ्या माणसांचा हुकूम एकच : दिवे लागले की घरी. मधल्या वेळात लगोरी फुटली, गुडघा फुटला, भांडण झाले, तर निवाडा आमचा आम्ही करीत असू.

आता मी माझ्याच अपराधाकडे वळतो. तेहतीस वर्षे मी शाळेत गणित शिकवले. सहामाही जवळ आली की खेळाचा तास मी मागून घेत असे. कवायतीचे मास्तर निमूटपणे देत. न देऊन सांगतात कोणाला? मला वाटे, केवढे हे माझे कर्तव्यदक्ष मन! आज ते विद्यार्थी भेटतात. त्या तासांत सोडवलेले एक समीकरण कोणाला आठवत असेल तर शपथ! आठवतो तो खो-खोचा एखादा सामना, आणि तोसुद्धा बहुधा हरलेला.

त्या हरण्यातच सारे मर्म आहे. मैदानावर मूल दिवसातून दहा वेळा बाद होते आणि अकराव्या वेळी पुन्हा उभे राहते. डाव गेला तरी दुसरा डाव मांडता येतो, हे ज्ञान फळ्यावर लिहून देता येत नाही. ते धुळीत पडून घ्यावे लागते. परीक्षेत हरलेल्या मुलाला दुसरा डाव दिसेनासा होतो तेव्हा काय होते, ते सणासुदीला सांगू नये. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आपला जीव दिला. प्रत्येकाचे दुःख निराळे, कारणेही अनेक. केवळ लगोरीने ती टळली असती असे म्हणण्याइतका मी खुळा नाही. पण हरायचे कसे, आणि हरल्यावर कोणापाशी बोलायचे, हे ज्या वयात शिकायचे त्या वयात आपण मुलांना पाढे घोकायला बसवतो, एवढे तरी कबूल करू या!

म्हणतात, जमाना स्पर्धेचा आहे. असेलही. मग त्याच स्पर्धेचे ऐका. ज्या खेळाचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधून दिले, त्या खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस झाली. पुरुषांचे आणि महिलांचे, दोन्ही अजिंक्यपद भारताने मिळवले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. आपण टाळ्या वाजवल्या, आणि दुसऱ्या दिवशी मुलाला क्लासला सोडून आलो!

म्हणतात, शास्त्राला धरून बोला. बोलतो. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटे तरी अंग घामेजेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारात विश्रांती आणि खेळ हा मुलाचा हक्क म्हणून लिहिला आहे, आणि १९९२ साली भारताने तो करार मान्य केला आहे. शिक्षणहक्क कायदा शाळेला मैदान हवे म्हणतो. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने सोळा वर्षांखालील मुलांना कोचिंग क्लासात घेऊ नये, अशा सूचना काढल्या. कागद भरपूर झाले. मैदानात मात्र मोटारी उभ्या आहेत.

म्हणतात, मुले मोबाइल सोडत नाहीत. सोडून जायचे कोठे? आवारात फलक आपणच लावला : 'येथे खेळण्यास मनाई आहे.' म्हणतात, दिवस वाईट आहेत. मग आळीपाळीने एकेक वडीलधारे माणूस बाकावर बसू द्या. लक्ष असावे, पण शिट्टी नसावी.

आणि मुलींचे काय? मुलाची संध्याकाळ क्लासने नेली. मुलीची 'आता तू मोठी झालीस' या एका वाक्याने नेली. दहा-बारा वर्षांची झाली की तिचे पळणे थांबते, हसण्याचा आवाज खाली येतो. ज्या अंगाला त्या वयात सर्वांत अधिक मोकळीक हवी, त्यालाच आपण आवरून धरायला शिकवतो. मग तीस वर्षांनी तिची कंबर दुखते आणि आपण औषध विचारतो!

माझे मागणे फार नाही. शाळांनी खेळाचा तास कोणत्याही विषयाला उसना देऊ नये. माझ्यासारखा मास्तर मागायला आला तर त्याला दारातून परत पाठवावे. शाळा सुटल्यावर मैदानाला कुलूप न घालता ते दिवेलागणीपर्यंत वस्तीतल्या मुलांना खुले ठेवावे. आईबापांनी आठवीपर्यंत संध्याकाळी शिकवणी लावू नये. आणि रात्री पान वाढल्यावर पहिला प्रश्न 'किती मार्क?' असा न विचारता 'आज काय गंमत झाली?' असा विचारावा. उत्तर लांबले तरी ऐकावे. व्यक्तिमत्त्व विकासाचे शिबिर याहून वेगळे काय देणार आहे?

यंदा मी जिन्याखाली दोन पाट्या माती, विटांचे तुकडे आणि एक जुने गोणपाट आणून टाकले आहे. वर पेरायला अळीव घरात आहेत. किल्ला वाकडा होईल, एकदा तरी ढासळेल, जिना घाण होईल. शेजारच्या गृहस्थांना मी तसे सांगून ठेवले. ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "मास्तर, मी पण हात लावला तर चालेल?"

मी म्हटले, "मुलाला विचारा. किल्ला त्याचा आहे."