रोग रेड्याला, औषध पखालीला

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी दवाखान्यात गर्दी होती. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचे काम करणारे एक गृहस्थ, माझे जुने पेशंट, मुलाला दंडाला धरूनच आत घेऊन आले. मुलगा अकरावी सायन्सला. तो स्टुलावर बसतो न बसतो तोच वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, याचं डोकं रोज दुखतं. दुखणारच! रात्री बारा-बारा वाजेपर्यंत त्या कॉम्प्युटरवर गेम, गेम आणि गेम. आता तुम्हीच सांगा याला."

मुलगा हळूच म्हणाला, "खेळत नाही, बनवतो."

हे वाक्य मी ऐकले आणि सोडून दिले. बाहेर सहा पेशंट ताटकळत होते. नाडी पाहिली, ब्लडप्रेशर पाहिले, पॅरासिटामॉल लिहून दिले आणि वडिलांच्या मनासारखा निकाल दिला: "महिनाभर कॉम्प्युटर बंद." त्याच रात्री तो जुना, सेकंडहँड घेतलेला कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून माळ्यावर गेला.

महिन्याने आई त्याला घेऊन आली. डोकेदुखी होती तशीच होती. मुलगा घरात कोणाशी बोलेनासा झाला होता, ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून जेवत होता. या वेळी मात्र मी पहिल्या दिवशीच करायला हवे होते ते केले. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता त्याला वाचायला लावला. डोळे बारीक करूनही खालच्या ओळी त्याला वाचता येईनात. नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले, तर दोन्ही डोळ्यांना सिलिंड्रिकल नंबर निघाला. चष्मा लागला आणि पंधरा दिवसांत डोकेदुखी थांबली. फळ्यावरचे अंधुक दिसते हे त्याने कोणाला सांगितले नव्हते आणि आम्हीही कोणी विचारले नव्हते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला ही म्हण लहानपणापासून ऐकत आलो. पन्नाशी उलटल्यावर ती माझ्याच हातून खरी झाली.

चूक माझी होती, म्हणून तिच्याबद्दल लिहायलाही मीच हवे. शिवाय अशी घरे आता मीरा-भाईंदरमध्ये एकदोन राहिलेली नाहीत.

त्या मुलाला मी म्हटले, "अरे, तू काय बनवतोस ते मला दाखव तरी." रविवारी सकाळी दवाखाना रिकामा असताना तो आला आणि माझ्या बिलांच्या कॉम्प्युटरवर त्याने आपला खेळ लावला. भाईंदर स्टेशनचा फलाट. विरारहून भरून आलेली, चर्चगेटला जाणारी लोकल. खांद्याला बॅग लावलेला एक माणूस. दार समोर आले की नेमक्या वेळी कळ दाबायची आणि त्याला आत चढवायचे. तीन गाड्या चुकल्या की लेट मार्क आणि खेळ संपला. माझ्या तिन्ही गाड्या मिनिटभरात चुकल्या. मी म्हटले, "फारच अवघड आहे रे!" तो हसून म्हणाला, "डॉक्टरकाका, सोपा केला तर तो भाईंदरचा वाटणार नाही."

मग त्याने मला आतले यंत्र उघडून दाखवले. हा खेळ त्याने 'स्क्रॅच'मध्ये केला होता. अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेने २००७ मध्ये मुलांसाठी ही प्रोग्रॅमिंगची भाषा खुली केली आणि ती मोफत मिळते. रंगीत ठोकळ्यांवर आज्ञा लिहिलेल्या असतात; ते एकमेकांत अडकवत गेले की प्रोग्रॅम तयार होतो. पडद्याच्या मध्यबिंदूला शून्य-शून्य धरायचे. उजवीकडे २४० पर्यंत, डावीकडे उणे २४० पर्यंत. वर १८०, खाली उणे १८०. आलेखाच्या कागदावर जे शिकताना आपल्याला जांभया येत होत्या, तेच हे. माणसाची उडी कशी होते? सुरुवातीला त्याला वर जाण्याचा वेग द्यायचा आणि क्षणाक्षणाला तो थोडा थोडा कमी करायचा. वेग शून्य झाला की माणूस खाली येऊ लागतो. फिजिक्सच्या पुस्तकातले गुरुत्वाकर्षण या मुलाने स्वतःच्या हाताने लिहिले होते.

सुरुवातीला त्याचा माणूस गाडीत चढण्याऐवजी फलाटातून खाली निसटून जात असे. ती चूक शोधायला चार संध्याकाळी गेल्या. एका जागी उणे चिन्ह राहून गेले होते. "कसे सापडले?" मी विचारले. तो म्हणाला, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं." वाचकहो, मेडिकल कॉलेजात आम्हाला निदान करायला असेच शिकवतात. जे मी त्याच्या डोकेदुखीसाठी केले नव्हते, ते हा मुलगा आपल्या खेळासाठी रोज करत होता.

आपण पालक आणि डॉक्टरही पडद्यासमोर बसलेले मूल पाहिले की एकच शिक्का मारतो. खरे तर त्यात तीन वेगवेगळी मुले असतात. एक खेळणारे, दुसरे पैसे लावून खेळणारे आणि तिसरे खेळ रचणारे. दुसऱ्या प्रकारात वाद नको. त्यात घरे बसली आहेत, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदाही मंजूर केला. पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारांत मात्र फरक करायला शिकले पाहिजे.

खेळण्याचा आजार असतो, हे आधी मान्य करू. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आपल्या अकराव्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर'चा समावेश केला आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्याच्या खुणा तीन. खेळण्यावर ताबा राहत नाही. अभ्यास, जेवण, मित्र या सगळ्यांच्या आधी खेळ येतो. आणि नुकसान दिसत असूनही खेळणे वाढत जाते. यामुळे घर-शाळेचे जगणे विस्कळीत झाले असेल आणि हे साधारण बारा महिने चालले असेल, तरच हे निदान करतात. सुट्टीत आठवडाभर जास्त खेळला म्हणून मूल आजारी ठरत नाही.

रचणाऱ्याचे काम निराळे. खेळणाऱ्याला पुढची पातळी आयती मिळते. रचणाऱ्याला ती आधी वहीत आखावी लागते. १९८४ मध्ये मॉस्कोच्या एका संशोधन केंद्रात अलेक्सी पाजितनोव्ह यांनी 'टेट्रिस' लिहिला, तेव्हा त्यांच्या संगणकावर चित्रेसुद्धा धड काढता येत नव्हती. चौकटी कंसांतून पडणारे ठोकळे दाखवले आणि तो खेळ जगभर गेला. आपल्या पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संघाने 'राजी' नावाचा खेळ २०२० मध्ये बाहेर आणला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला सोडवायला निघालेल्या मुलीची ती कथा. त्यासाठी लोकांकडून पैसे उभे करण्याचा त्यांचा प्रयत्न २०१७ मध्ये फसला होता, तरी त्यांनी काम सोडले नाही. या क्षेत्रात चिकाटी लागते आणि पैशाची हमी नसते, हे मुलाला आताच सांगा.

पालकांनीही ते ध्यानात ठेवावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी कोडिंग आले आणि कर्ज काढून महागडे क्लास लावणारी घरेही मी पाहिली. सुरुवातीला त्याची गरज नाही. स्क्रॅच फुकट आहे. आय.आय.टी. मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे प्रोग्रॅमिंगचे पाठ मराठीतही मोफत आहेत. मुलाने एक छोटा खेळ पुरा करून दाखवू द्या, पुढचे पुढे पाहू.

आता डॉक्टर म्हणून दुसरी बाजू. मूल खेळते आहे की खेळ बनवते आहे, हा फरक डोळ्यांना, मानेला आणि झोपेला कळत नाही. बनवणारा तर चूक सापडेपर्यंत उठतच नाही. म्हणून घरात हे नियम हवेत:

१. डोकेदुखी असेल तर आधी डोळे तपासून घ्या. डोकेदुखीबरोबर पहाटे उलटी, ताप, एकाचे दोन दिसणे किंवा झटका आला तर एक दिवसही थांबू नका.

२. दर वीस मिनिटांनी, वीस फुटांपलीकडे, वीस सेकंद पाहायचे. पडद्याकडे टक लावल्याने पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे कोरडे पडून चुरचुरतात. मुद्दाम पापण्या मिटण्याची सवय लावा.

३. पडदा हातभर अंतरावर आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. वन रूम किचनमध्ये टेबल कुठून आणायचे? लोखंडी ट्रंकेवर पडदा ठेवा, खुर्चीत पाठीला उशी द्या. अंथरुणात पालथे पडून काम नको.

४. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. झोपण्याच्या तासभर आधी पडदा बंद. चूक सापडली नसेल तर वहीत लिहून ठेवा. झोप झालेल्या डोक्याला ती सकाळी लवकर सापडते.

५. रोज दीड-दोन तास उघड्यावर. शाळकरी मुलांत यामुळे लांबचे अंधुक दिसण्याचा दोष सुरू होण्याची शक्यता कमी होते. जेसल पार्कची चौपाटी आहे, उत्तनचा किनारा आहे. तेवढे तर आपल्या गावात अजून उरले आहे.

खेळ रचणाऱ्या मुलांनाही दोन शब्द. दुसऱ्याची तब्येत तुमच्या हातात असते. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये 'पोकेमॉन' या कार्टूनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश झपाझप उघडमीट झाला आणि सहाशेहून अधिक मुलांना दवाखान्यात न्यावे लागले. त्यांतल्या काहींना फिट आल्या. तेव्हा तुमच्या खेळात एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखाट नको. आणि खेळ थांबवण्याचे बटण ठळक जागी ठेवा.

त्या घरातला कॉम्प्युटर माळ्यावरून खाली उतरला. वेळ ठरली: रात्री आठ ते साडेनऊ. वडिलांना मी एकच काम दिले, की आठवड्यातून एकदा शेजारी बसून "आज काय चुकलं आणि ते कसं सापडलं?" एवढे विचारायचे. ते कुरकुरले, पण करू लागले. परवा ब्लडप्रेशरची गोळी न्यायला आले, तेव्हा खिशातून पैसे काढता काढता म्हणाले, "डॉक्टरसाहेब, काल मी दुसऱ्याच गाडीत चढलो!"

तुमच्या घरी कोणी रात्री पडद्यासमोर वाकून बसलेले असेल, तर वायर काढण्याआधी जवळ जाऊन बघा. खेळतो आहे की बनवतो आहे? त्याने उत्तर दिले, तर माझ्यासारखे सोडून देऊ नका.