पांढरी वायर पांढऱ्याला जोडू नका

होटगी रोडच्या एका भगिनी लिहितात : मुलांच्या शाळेची ने-आण त्या स्वतः जुन्या पेट्रोल गाडीने करतात. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला, अ‍ॅव्हरेज घसरले. गॅरेजवाल्याने ‘ऑक्सिजन सेन्सर गेला’ म्हणून सांगितले. दुकानदार दोन सेन्सर दाखवतो : एक कंपनीचा, कपलरसकट, दुसरा ‘युनिव्हर्सल’, बराच स्वस्त, नुसत्या चार वायरींचा. कोणता घ्यावा?

भगिनी, आधी कोड विचारा. स्कॅनर लावल्यावर गाडी कोड सांगते. पी ०१३५ आला तर तक्रार सेन्सरच्या हीटरची आहे. पण तिथेही पहिल्यांदा फ्यूज बघायचा. पी ०१७१ आला तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे, एवढेच कळते. फाटलेला हवेचा पाइप, दमलेला पेट्रोल पंप किंवा सेन्सरच्या आधी फुटलेला सायलेन्सरचा पाइप, यांनीही तो कोड येतो. सेन्सर बिचारा खरी खबर देत असतो आणि शिक्षा त्यालाच होते! बाहेरून गॅस किट बसवले असेल तर किटवाल्याने सेन्सरच्या वायरीवर मारलेला जोडही तपासून घ्या. तो सैल पडलेला अनेकदा सापडतो.

हा सेन्सर करतो काय? एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. जळालेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला, ते हा सेन्सर सांगतो. पेट्रोल जास्त झाले की सुमारे ०.९ व्होल्ट, हवा जास्त झाली की ०.१ व्होल्ट. त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. सेन्सर तीनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट बोलत नाही, म्हणून त्यात हीटर असतो. १९७६ साली व्होल्वोच्या मोटारींत आलेली ही युक्ती आता आपल्याकडच्या बीएस-६ मोटरसायकलींतही आहे.

‘कपलर काढून ठेवा, गाडी चालते’ हा सल्ला मात्र ऐकू नका. गाडी चालते, पण कॉम्प्युटर अंदाजाने पेट्रोल ओततो; जादा पेट्रोलाने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून बाद होतो, आणि तो सेन्सरच्या कितीतरी पट महाग. शिवाय हवा सुधारण्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ज्या शहरांची नावे आहेत, त्यांत आपले सोलापूरही आहे.

आता निवड. माझे मत विचाराल तर गाडीच्या पार्ट नंबरचा, कपलरसकट सेन्सर घ्यावा. कन्व्हर्टरच्या आधीचा हवा की नंतरचा, हेही सांगावे. दोन्हींच्या वायरींची लांबी वेगळी असू शकते. पाच-सहा वायरींचा ‘एअर-फ्यूएल’ सेन्सर असेल तर युनिव्हर्सलचा विचारच सोडा. त्याची जात वेगळी, साधा सेन्सर तिथे चालत नाही.

साधा चार वायरींचा असेल आणि पैशांची ओढ असेल तर युनिव्हर्सल चालतो. जोडणी बरोबर हवी. गफलत रंगांत होते. बॉशच्या नेहमीच्या चार वायरींच्या सेन्सरमध्ये दोन पांढऱ्या वायरी हीटरच्या, काळी सिग्नलची, राखाडी अर्थची. डेन्सोच्या अनेक सेन्सरमध्ये दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची आणि पांढरी अर्थची! रंगाला रंग जोडला तर हीटरचे बारा व्होल्ट सिग्नलच्या वायरीत जातात. नवा सेन्सर जातो, कधी कॉम्प्युटरही. अशा जुन्या डेन्सोच्या कपलरला नवा बॉश लावताना दोन काळ्यांना दोन पांढऱ्या, निळीला काळी आणि पांढरीला राखाडी जोडायची. हीटरच्या दोघींत उलटसुलट झाले तरी चालते. रंगांवरही पूर्ण भरवसा नको : मल्टिमीटर लावा, हीटरच्या दोन वायरींमध्ये गार असताना काही ओम ते पंधरा-वीस ओम दाखवतो. पाकिटातला तक्ताही मेकॅनिकसमोर उघडा. वाईट वाटू द्या त्याला.

सोल्डर करू देऊ नका. अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या तारांमधूनच आत घेतात; सोल्डर ती वाट बंद करते. स्लीव्ह घालून, दाबून जोड करायचा, वरून हीट श्रिंक, आणि जोड सायलेन्सरपासून लांब बांधायचा. कपलरमध्ये ग्रीस नको. चुडीवर कंपनीने लावलेली पेस्ट पुरेशी असते. ती टोकाला लागता कामा नये. जवळपास सिलिकॉनचा गॅस्केट गमही वापरू नये, त्याच्या वाफेने सेन्सर मरतो.

बसवल्यावर कोड पुसून घ्या आणि स्कॅनरवर पहिल्या सेन्सरचे व्होल्ट बघा. गरम इंजिनावर आकडा ०.१ ते ०.९ मध्ये सारखा खालीवर व्हायला हवा. बीएस-४ किंवा त्यानंतरची पेट्रोल गाडी असेल तर पुढच्या पीयूसीच्या कागदावर लॅम्डाचा आकडाही पाहा. तो ०.९७ ते १.०३ च्या आत असावा लागतो.