एका पगारात चार माणसे

गेल्या नरक चतुर्दशीस आमचा भाचा उटणे लावून पाटावर बसतो न बसतो तोच पुण्याहून त्याच्या कचेरीचा फोन आला. सर्व्हर बंद पडला होता! ओल्या डोक्याने तो जो लॅपटॉपपुढे बसला तो दुपारपर्यंत. "दुसरे कोणी नाही का रे?" आम्ही विचारले. "मामा, मी फुल-स्टॅक डेव्हलपर. दुसरा कशाला ठेवतील?"

वाचकहो, हा फुल-स्टॅक प्रकार असा. गिऱ्हाइकाला दिसणारा पडदा एकाने रचावा, त्यामागचा व्यवहार दुसऱ्याने लिहावा, माहितीचे कोठार तिसऱ्याने सांभाळावे आणि सर्व्हर चौथ्याने चालता ठेवावा. ही चारही कामे एकट्याने ओढणारा तो फुल-स्टॅकवाला. पगार अर्थातच एक.

धुळ्याच्या एखाद्या कापूस-व्यापाऱ्याची वेबसाइट करावयाची असेल तर आमची तक्रार नाही. तेवढ्यासाठी चार कारागीर कोण ठेवील? पण लोकांचे पैसे ज्या यंत्रणेतून जातात, तिथेही लिहिणारा तोच, तपासणारा तोच, चालवणाराही तोच! मग चूक दिसावयाची कोणाला? जळगावच्या सराफबाजारात पाहा. दागिना घडवणारा वेगळा, खडे बसवणारा वेगळा. पेढीवरच्या शेठजींना दोन्ही कामांची पारख असते. म्हणून काही त्यांना कोणी भट्टीपुढे बसवीत नाही. सगळे समजणारा माणूस हवाच. सगळे त्याच्याच गळ्यात घालणे ही निव्वळ काटकसर.

कोणी इतिहासाचार्य राजवाड्यांचा दाखला देतात. त्यांनी गावोगाव दप्तरे धुंडाळली, नकला केल्या, प्रस्तावना लिहिल्या, साधनांचे 22 खंड काढले. खरे आहे. पण ते कोणाचे चाकर नव्हते. शिवाय 1926 साली धुळ्यास ते वारले, तेव्हा त्यांचा संग्रह सांभाळण्यास एक मंडळ स्थापावे लागले. आमचा भाचा उद्या नोकरी सोडील, तेव्हा चारही कामांची गुपिते त्याच्या डोक्यातून कोण काढून घेणार?

"घरातली बाई नाही का सगळे एकटीने करीत?" आमचे शेजारी म्हणाले. वहिनी आत चकल्या तळीत होत्या. झारा जरा जोरात आपटला. शेजाऱ्यांनी विषय बदलला.

कंपन्यांनी जाहिरातीत कामे चार लिहावीत, तर माणसेही चार घ्यावीत. तेवढे परवडत नसेल तर निदान दुसरा एक माणूस तयार ठेवावा, म्हणजे दिवाळीच्या पहाटे फोन त्याच्याकडे जाईल. पुढच्या वर्षी आमच्या भाच्याकडे आला तरी चालेल.