मेल टाकलीत का?

डीमार्टची असो वा कॉस्टकोची, पावती जपून ठेवणारी आपण माणसं. पण मूल वाचताना अडखळतं म्हणून शाळेत बाईंशी बोलणं झालं, की ते तिथंच सोडून देतो. ‘बाई म्हणाल्या, बघू या,’ एवढ्यावर सहामाही निघून जाते. शिक्षकांकडे लेखी मागायचं म्हणजे अविश्वास दाखवणं, हा संकोच नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावच्या मराठी घरांतही मुरलेला आहे. माझ्या मते तो मुलाला महागात पडतो.

नॉर्थ कॅरोलायनात विशेष शिक्षणासाठी मूल्यमापनापासून मुलाच्या वैयक्तिक शिक्षण योजनेपर्यंतची (आयईपी) ९० दिवसांची मुदत लेखी विनंती शाळेला मिळाल्यापासून मोजतात. कारपूलच्या रांगेत खिडकीतून झालेल्या बोलण्यापासून नव्हे. मुलाची कागदपत्रं पाहायचा हक्क १९७४ च्या ‘फर्पा’ कायद्याने दिलेला आहे, आणि मागितल्यावर शाळेला ती ४५ दिवसांच्या आत दाखवावी लागतात. विशेष शिक्षणातली एखादी मागणी नाकारली, तर शाळेने कारणांसह लेखी कळवायचं असतं. हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

बैठक झाली की त्याच संध्याकाळी मेल टाका: ‘आज बोललो. आठवड्यातून दोनदा वाचनाचा वेगळा तास द्यायचं ठरलं. समजण्यात चूक असल्यास कळवावं.’ भाषा गोड, तारीख ठळक, रागाची विशेषणं गाळलेली. (व्हॉट्सॲपवर विसंबू नका, फोन बदलताना निरोप हरवू शकतो.) उत्तर नाही आलं, तरी ही मेल फाइलला लावा. पुढच्या आयईपी बैठकीला ती फाइल घेऊनच जा.