आधी ठाय, मग चौगुन

मागील वर्षीच्या स्नेहसंमेलनात गिटार वाजविताना माझी बोटे कशी अडखळली, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. काहींनी टाळ्या वाजवून सांभाळून घेतले, काहींनी शिट्ट्या मारल्या. त्या दिवसापासून एकच प्रश्न मनात घर करून आहे. रोज दोन-दोन तास सराव करूनही मी चुकलो कसा?

उत्तर एका शब्दाचे आहे : घाई. चार-सहा स्वरांच्या छोट्या तुकड्याला गिटारवाले 'लिक' म्हणतात. असा तुकडा मी पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगात वाजवीत असे. चुकलो की पुन्हा त्याच वेगात! बिचाऱ्या बोटांना बरोबर काय नि चूक काय, हे कळत नाही. जे वारंवार करावे तेच त्यांच्या अंगवळणी पडते. म्हणजे मी दोन तास चुकांचाच रियाज करीत होतो.

आमच्या शेजारी भजनात तबला वाजविणारे एक वृद्ध काका राहतात. माझा गोंधळ ऐकला की ते ओसरीवरून म्हणत, "मेल्लगा, मेल्लगा!" सिरोंच्यात या तेलुगू शब्दाचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही. सावकाश! मी हसून सोडून देई. संमेलनानंतर मात्र मुकाट्याने त्यांच्यापुढे जाऊन बसलो.

त्यांनी तबल्याचाच मार्ग सांगितला. ठोका तोच ठेवायचा. आधी मात्रेला एक स्वर, मग दुगुन, मग चौगुन. ठोका धरण्यासाठी मी मेट्रोनोम घेतला. माल्झेलने १८१५ साली पेटंट घेतलेले हे यंत्र आज मोबाईलमध्ये मावते आणि त्याला नेटवर्कही लागत नाही, हे आपल्या गावी विशेष! मिनिटाला ६० ठोक्यांवर चौगुन वाजविली तर सेकंदाला चार स्वर होतात. १२० वर आठ. तुकडा सलग पाच वेळा निर्दोष आला तरच चार ठोके वाढवायचे. चुकलो तर मागे यायचे, असा नियम मी केला.

त्या संथ लयीत माझे दोष मला प्रथमच दिसले. करंगळी विनाकारण उंच उडत होती. अंगठा गिटारची मान आवळीत होता. वेगाच्या गडबडीत हे सारे झाकून जात होते.

मित्र म्हणतात, "सावकाश वाजविणारा जन्मभर सावकाशच वाजवील." यात तथ्य नाही असे नाही. संथ वाजवितानाही बोटांची हालचाल द्रुत लयीत लागते तशीच लहान ठेवावी लागते आणि मधूनमधून दोन-चार स्वर पूर्ण वेगात वाजवून पाहावे लागतात. पण पाया संथ लयीचाच. शिवाय आपल्या संगीतात विलंबित ही केवळ द्रुताची पायरी नाही. बडा ख्याल विलंबितातच फुलतो. तेथे संथपणा हेच वैभव आहे.

आपण जिल्ह्याच्या ठिकाणापासून सुमारे २०० किलोमीटर दूर. येथे गिटारचा शिक्षक नाही. मोबाईलवर कोणीतरी विजेच्या वेगाने वाजविताना दिसतो आणि आपण मागे पडलो, असे वाटून मन धावू लागते. माझी घाई बोटांची नव्हती, या भीतीची होती. ज्याला पुढे जायचे आहे, त्याने आपल्या पावलाचा ठोका आधी ओळखावा, असे माझे प्रांजळ मत आहे. म्हणून गुरुजनांना विनंती की, संमेलनाच्या स्पर्धांत वेगाइतकेच स्वच्छ वादनालाही गुण द्यावेत आणि सरावासाठी एखादी खोली रोज तासभर मोकळी ठेवावी.

यंदाच्या संमेलनात मी तोच तुकडा वाजविणार आहे. १२० वर नव्हे, ९२ वर. माझी मजल सध्या तेवढीच आहे. मित्रहो, शिट्टी मारायचीच असेल तर खुशाल मारा. फक्त ठेक्यात मारा!