लोकसंख्या १० लाखांच्या आत? मग ही स्पर्धा तुमच्यासाठी!

अँडोरा, मोनॅको आणि माल्टा. ऑलिम्पिकच्या उद्घाटनात या देशांचे झेंडे दिसतात, पण मैदानावर आजवर एकही ऑलिम्पिक पदक त्यांच्या नावावर नाही. मग त्यांचे खेळाडू जिंकतात कुठे?

उत्तर आहे 'गेम्स ऑफ द स्मॉल स्टेट्स ऑफ युरोप'. १९८५ मध्ये सॅन मरिनोत ८ देशांनी ही स्पर्धा सुरू केली, मॉंटेनेग्रो नंतर आला. अट अशी, की लोकसंख्या १० लाखांच्या आत हवी आणि देशाच्या ऑलिम्पिक समितीला मान्यता हवी. त्यामुळे जेमतेम ५५ हजार वस्तीची फॅरो बेटं बाहेरच राहतात.

अर्थात, छोट्यांतही मोठे आहेतच. पदकांची लयलूट बहुतेकदा सायप्रस आणि आइसलँड करतात. पण जेमतेम ३४ हजार लोकांच्या सॅन मरिनोने टोकियो ऑलिम्पिकमध्ये चक्क ३ पदकं मिळवली!

स्पर्धा दर दोन वर्षांनी होते. २०२१ ची अँडोरातली स्पर्धा कोविडमुळे रद्द झाली, म्हणजे २०१९ नंतर थेट २०२३. इथेच पदकाची खरी संधी असलेल्या खेळाडूच्या कारकिर्दीतली ही चार वर्षं. अँडोराला यजमानपद मिळालं ते २०२५ मध्ये.